झडती : पुढाऱ्याचा शब्द पुढाऱ्यालाच परत

राजकीय उपहास म्हटला की आपल्याला व्यंगचित्र आठवतं, तमाशातला वग आठवतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात आणि सगळ्या वऱ्हाडात उपहासाचं आणखी एक व्यासपीठ आहे. ते वर्षातून एकच संध्याकाळ उभं राहतं: पोळ्याचं तोरण. श्रावणातल्या अमावास्येला शिंगं रंगवलेले, झूल पांघरलेले बैल ओळीनं उभे असतात. तोरण तुटण्याआधी कुणीतरी पुढे होतो आणि झडती म्हणतो. यमक जुळवलेल्या चार-सहा ओळी, शेवटी महादेवाचा गजर. त्या ओळींत सावकार येतो, आमदार येतो, दिल्लीही येते.

झडतीचं कौतुक करणारे बहुधा यमकाचं कौतुक करतात. आम्हाला तिचं बळ ऐकण्यात दिसतं. संस्कृत काव्यशास्त्रात कुंतकानं वक्रोक्तीला काव्याचा प्राण मानलं, ते आपण जाणतोच. पण त्याच्या आधी रुद्रटानं वक्रोक्ती हा एक छोटा अलंकार म्हणून सांगितला होता. बोलणारा शब्द एका अर्थानं वापरतो, ऐकणारा तो मुद्दाम दुसऱ्या अर्थानं घेतो आणि उत्तर देतो. बस, एवढंच. झडतीचं काम नेमकं असंच चालतं.

उदाहरणं बघा. सभेत कापसाला ‘पांढरं सोनं’ म्हणतात. बोलणाऱ्याच्या लेखी ते रूपक. शेतकरी ते अक्षरशः घेतो: सोनं असेल तर सोन्याच्या भावानं घ्या! भाव नाही म्हणून घरात कापूस साठवला की अंगाला खाज सुटते. सोन्यानं कुणाला खाज सुटल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. ‘बळीराजा’ हा तर सरळ श्लेष. महात्मा फुल्यांनी बळी हा रयतेचा न्यायी राजा म्हणून उभा केला. पण ज्याचा बळी दिला जातो, तोही बळीच. पुढारी पहिला अर्थ धरून बोलतो, तोरणाखालचा माणूस दुसरा ऐकतो.

तिसरा शब्द ‘कर्जमाफी’. माफी गुन्हेगाराला मिळते. मग आमचा गुन्हा कोणता? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं हाच सवाल करून ‘माफी’ नाकारली आणि ‘कर्जमुक्ती’ मागितली. पुढे 2019 साली राज्य सरकारनं काढलेल्या योजनेच्या नावातच ‘कर्जमुक्ती’ आली, तीही महात्मा फुल्यांच्या नावानं. शब्द सुधारला. कर्ज पुन्हा झालं ते झालंच, पण एक आरोप कागदावरून तरी गेला.

आता आमचा आक्षेप. अलीकडे कानावर येणाऱ्या काही झडत्या म्हणजे यमक जुळवलेल्या शिव्या असतात. कसोटी सोपी आहे. ही ओळ सत्तेच्या कोणत्या शब्दावर उभी आहे, ते विचारा. ती पुढाऱ्याच्या पोटावर, रंगावर किंवा जातीवर उभी असेल, तर हशा येईल. सत्तेला मात्र ओरखडाही उठणार नाही.

तुम्ही म्हणाल, सर, हसून काय झालं? पोळा फुटला, बैल घरी गेले, भाव तोच. खरं आहे. हा जिल्हा देशाला शेतकरी आत्महत्यांमुळे माहीत झाला. इथे हसण्याविषयी बोलताना आमचीही जीभ जड होते. पण कर्जात रकमेइतकंच ओझं लाजेचं असतं. नोटीस एकाच्या नावानं येते आणि तो ती एकटाच वाचतो. ‘माफी’ हा शब्द त्याला सांगतो, चूक तुझी. तोच शब्द भरल्या गावात कुणी उलटवला आणि सारं गाव हसलं, तर त्या माणसाला कळतं, हे आपल्या एकट्याचं नाही. झडतीनं भाव वाढत नाही. लाज थोडी वाटली जाते. ज्या गावात माणसं लाजेनं मरतात, तिथे हे काम आम्ही किरकोळ मानत नाही.

झडतीचा दुसरा अर्थ आपल्याला पोलिसांमुळे ठाऊक आहे. वर्षभर सातबारा, आधार, पंचनामा दाखवत शेतकरी झडती देतो. एक संध्याकाळ तो झडती घेतो. येत्या पोळ्याला तोरणाखाली उभे राहाल तेव्हा यमकाला दाद द्याच, पण कोणाचा शब्द कोणाला परत जातोय, तेही ऐका.