तक्त्यात न मावणारी माणसं

पटकथेच्या कार्यशाळांत हल्ली पात्राचा तक्ता भरून घेतात. वय, शिक्षण, आवडता पदार्थ, लहानपणीची जखम, सगळ्यात मोठी भीती. तक्ता वाईट नाही. लिहिणाऱ्याच्या टेबलावर तो असावाच. पंचाईत होते ती तो टेबलावरून उठून थेट पडद्यावर येऊन बसतो तेव्हा. वेबमालिकेतला पोलीस अधिकारी दारू का पितो? सहाव्या भागात फ्लॅशबॅक : बाप पट्ट्याने मारायचा. झालं, पात्राला खोली आली! खरं तर कारण हातात पडलं की आपण त्या माणसाचा विचार करणं सोडून देतो.

लेखकालाच दोष देऊन भागत नाही. मालिकेचं ‘बायबल’ (कथेचा आणि पात्रांचा आराखडा) आधी मंजूर व्हावं लागतं, पटकथा नंतर. मंजूर करणाऱ्याला पात्र दोन ओळींत ‘कळायला’ हवं असतं, आणि दोन ओळींत कळतं ते निदान. कादंबरीतही हे शिरलंय. नायिका समुपदेशकासमोर बसते आणि लेखिकेचं काम स्वतःच उरकून टाकते.

मराठीला मनाचा शोध नवा नाही. मर्ढेकरांनी १९४२ मध्येच ‘रात्रीचा दिवस’मधून संज्ञाप्रवाह आणला. पुढे नवकथेने मनाचे इतके पापुद्रे सोलले की कधीकधी खाली माणूसच उरला नाही (गाडगिळांच्या चांगल्या कथा सोडून). याउलट उद्धव शेळक्यांची १९६०ची ‘धग’. नायिका कौतिकच्या मनात काय चाललंय, हे शेळके उकलून सांगत बसत नाहीत. घरची ओढाताण, पोरं, नवऱ्याला जडलेला महारोग आणि वऱ्हाडीतलं तिचं रोखठोक बोलणं. ती काय करते, कुणाला काय सुनावते, एवढ्यावर ती उभी राहते.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (१९६७) लीला बेणारेचं शेवटचं स्वगत सगळ्यांना आठवतं. ती मन मोकळं करते तेव्हा रंगमंचावरचे बाकीचे सगळे गोठलेले असतात; म्हणजे ऐकायला हवं त्यांतलं कुणीच ऐकत नाही. ही तेंडुलकरांची चलाखी दाद देण्याजोगी खरीच. तरी माझ्या लेखी बेणारे उघडी पडते ती नाटकाच्या सुरुवातीलाच. दाराच्या कडीत चेमटलेलं बोट तोंडात धरून ती येते आणि बोलत सुटते : शाळा, मुलं, सहकाऱ्यांची टिंगल. एवढी भडाभडा बोलणारी बाई काहीतरी दडवतेय हे तिथेच जाणवतं, काय ते मात्र कळत नाही. नाटक त्या ‘काय’वर चालतं.

सिनेमात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी निदानालाच हात घातला. ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया, ‘अस्तु’त स्मृतिभ्रंश. ‘देवराई’ अधूनमधून समजावू लागतो. ‘अस्तु’त मात्र संस्कृतचे पंडित असलेले शास्त्री हत्तीमागून चालत निघून जातात आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखं सांभाळते, तेव्हा आजाराचं नाव आपल्या डोक्यातून निघून जातं.

चैतन्य ताम्हाणेच्या ‘द डिसायपल’ला २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालं. शास्त्रीय गायक होऊ पाहणारा शरद नेरुलकर रात्री रिकाम्या रस्त्यांवरून संथ मोटारसायकल चालवतो, कानात त्याच्या गुरुजींच्या गुरू माईंच्या ध्वनिफितींतला उपदेश. (तो आवाज सुमित्रा भाव्यांचा.) त्याच्यात नेमकं कमी काय, गळा की धाडस की नशीब, याचा निवाडा ताम्हाणे देत नाही. वडिलांचा संगीतवेडेपणा दिसतो, पण तो कारण म्हणून हातात ठेवला जात नाही. एक जुना संग्राहक माईंबद्दल आणि गुरुजींबद्दल नको ते सांगू लागतो, तेव्हा शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो. श्रद्धा दुखावली म्हणून? की हे आपल्यालाही आधीच वाटत होतं म्हणून? त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही.

शेवटी लोकलमध्ये तो बायको-मुलीसोबत बसलाय आणि एक गाणारा भिकारी डब्यातून पुढे सरकतो. शरद त्याच्याकडे बघत राहतो. दोनदा चित्रपट पाहिला, तरी त्या नजरेत हेवा होता की सुटका, यावर मी चहाचीसुद्धा पैज लावणार नाही.