जगण्याचा अर्थ : प्रश्न कोणाचा?

मराठी समीक्षेने ‘जगण्याचा अर्थ’ हा प्रश्न एका विशिष्ट वर्गाच्या सातबाऱ्यावर चढवून टाकला आहे. निरर्थकतेची चर्चा निघाली की भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चे नाव येते. ‘कोसला’ १९६३ सालची. त्याच वर्षी बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. पहिल्या पुस्तकात समीक्षकांना अस्तित्वाचा प्रश्न दिसला, दुसऱ्यात केवळ सामाजिक प्रश्न. ही वाटणी तपासलीच पाहिजे.

पांडुरंग सांगवीकराचे दुःख खोटे नाही. धाकट्या बहिणीच्या मृत्यूने त्याला पडलेले प्रश्न अस्सल आहेत. परंतु पुणे सुटल्यावर परतायला त्याला गाव आहे, बापाची शेती आहे. बागुलांच्या कथेतला रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण परमुलखात जात लपवून राहतो आणि ती उघड होताच मार खातो. ‘मी कशासाठी जगतो?’ याच्याही आधी ‘मी, मी म्हणून जगू शकतो काय?’ हा प्रश्न त्याच्यापुढे आहे. हा अस्तित्वाचाच प्रश्न, किंबहुना त्याचा पाया.

बाबासाहेबांनी ही गोष्ट नेमकी ओळखली होती. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच त्यांनी चार आर्यसत्यांविषयी शंका घेतली. जीवन स्वभावतःच दुःखमय असेल तर माणसाला आशा उरत नाही. म्हणून जगाची पुनर्रचना हेच त्यांनी धम्माचे प्रयोजन मानले. १९५४ साली भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत ते पराभूत झाले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी शेजारच्या नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. प्रयोजन यशापयशाच्या मापाने मोजायचे नसते, हे भंडाऱ्याने जवळून पाहिले आहे.

याच जिल्ह्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. शेती कसावी, मुले शिकवावीत, मान वर करून राहावे, एवढाच त्या घराचा जगण्याचा अर्थ होता. हल्ला माणसांवर झाला तसा त्या अर्थावरही झाला. पुढे न्यायालयांनी शिक्षा दिल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. म्हणजे मरणाचा अर्थही नाकारला गेला.

आता आपल्याकडेही पाहू. आपल्या लेखनात ‘विद्रोह’ हे तयार उत्तर झाले आहे. पवनीचा किंवा साकोलीचा पदवीधर स्पर्धा परीक्षांत वर्षामागून वर्षे घालवतो आणि त्याला पोकळी जाणवते. ते ‘पांढरपेशांचे वैफल्य’ म्हणून आपण झटकून टाकणार काय? १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात जीवन संपविलेल्या रोहित वेमुलाच्या पत्रातही रितेपणाची कबुली होती. बाबासाहेबांचे विचार घेऊन चळवळीत वावरणाऱ्या तरुणाची ती कबुली होती. जात भाकरी हिरावते, तशी जगण्याची उमेदही हिरावते.

अर्थ वारशाने मिळत नाही. प्रत्येक पिढीला तो स्वतः घडवावा लागतो. तेव्हा या रितेपणाला शब्द देणारे लेखन चळवळीपासून ढळलेले मानू नये. त्या रितेपणाचे कारण शोधणे हे बांधिलकीचेच काम आहे आणि आपल्या समीक्षेने ते आपले मानले पाहिजे.