चवीची विद्या आणि मराठी

नोकरी सोडून द्राक्षारसाच्या अभ्यासाकडे वळलेल्या मुंबईच्या सोनल हॉलंड २०१६ साली ‘मास्टर ऑफ वाईन’ झाल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. लंडनच्या संस्थेची ही परीक्षा कठोर आहे. चव ओळखण्याच्या तीन प्रश्नपत्रिका, प्रत्येकीत बारा पेले, बाटलीचे नाव झाकलेले. द्राक्षाची जात, मुलूख, प्रत हे सारे वास व चवीवरून ओळखायचे आणि त्याची कारणे लिहायची. घोट गिळायचा नाही, थुंकून टाकायचा! हा अभ्यास मद्यपानाचा नव्हे, हे एवढ्यावरूनही ध्यानी यावे.

आमच्या मते त्यांच्या लेखनाहून त्यांचे अध्यापन मोठे आहे; मुंबईत अकादमी काढून त्यांनी या विषयाला शिस्त आणली. तरी एक उणीव आम्हांस सलते. ही विद्या इंग्रजीतूनच शिकवली जाते. देशातील बहुतांश द्राक्षारस मात्र महाराष्ट्रात, विशेषतः नाशिककडे होतो आणि तेथील मळेकऱ्यांची बोली मराठी आहे. शब्द नाहीत असेही नाही. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जडावते, त्या चवीस नांदूरघाटचे पोरही ‘तुरट’ म्हणते. आंबूस, खमंग, उग्र, दर्प हे शब्द घरोघरी आहेत. मिस्सेसाठी रस शुद्ध व न बिघडलेला हवा, असा धर्मसभेचा नियम. तो पाळताना आम्हीही याच शब्दांवर विसंबतो.

मराठीत मात्र सर्वच पेयांना ‘दारू’ हे एकच नाव चिकटले आहे. तिने उद्ध्वस्त केलेली घरे आम्ही पाहिली आहेत, म्हणूनच मोजूनमापून चाखण्याची ही भाषा मराठीत यावी, असे आम्हांस वाटते. हॉलंडबाईंनी एक पाठ्यपुस्तक मराठीत करवून घ्यावे.