तोडगा आणि उत्तर : डेस्कटॉप आज्ञावलींच्या रचनेतील नेहमीच्या अडचणींची चिकित्सा

प्रस्तावना

डेस्कटॉप संगणकावर चालणारी आज्ञावली लिहिताना येणाऱ्या अडचणी बहुतांशी ठरावीक असतात. मोठे काम सुरू होताच खिडकी गोठते, तारखेतील दिवस आणि महिना यांची अदलाबदल होते, हिशेबात पैशाचा फरक पडतो, नावातील एखाद्या चिन्हामुळे नोंद साठवली जात नाही आणि मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. या अडचणी वारंवार येत असल्याने त्यांवरील उपायांचेही एक स्वतंत्र वाङ्मय तयार झाले आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेले टॉम क्रिस्टियान्सन व नेथन टॉर्किंग्टन यांचे 'पर्ल कुकबुक' हे या प्रकारचे परिचित उदाहरण होय. पाककृतीच्या पुस्तकाप्रमाणे समस्या, तिचे उत्तर आणि त्यावरील विवेचन असा या वाङ्मयाचा साचा असतो. त्याची उपयुक्तता नाकारता येणार नाही. मात्र घाईतला वाचक समस्या वाचतो, उत्तर उचलतो आणि विवेचन सोडून देतो. अशा रीतीने उचललेल्या उत्तराचे रूपांतर तोडग्यात होते. प्रस्तुत लेखात तोडगा आणि उत्तर यांतील भेद काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे तपासला आहे.

पार्श्वभूमी

विंडोजसाठी आज्ञावली लिहिणे आरंभी कष्टाचे होते. चार्ल्स पेट्झोल्ड यांच्या 'प्रोग्रॅमिंग विंडोज' या ग्रंथाची पहिली आवृत्ती १९८८ साली निघाली. त्या पद्धतीत एक साधी खिडकी पडद्यावर आणण्यासाठीही बऱ्याच ओळी लिहाव्या लागत. परंतु खिडकीकडे संदेश कसे येतात आणि ते कोण हाताळतो, हे त्या ओळी लिहिताना समजून घ्यावेच लागे. १९९१ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिकने हे कष्ट संपवले. बटण ओढून फॉर्मवर ठेवावे, त्यावर दोनदा टिचकी मारावी आणि उघडलेल्या चौकटीत चार ओळी लिहाव्यात, इतके काम सोपे झाले. १९९८ सालच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत लहान कार्यालये, दुकाने, पतसंस्था आणि महाविद्यालये यांच्यासाठी आज्ञावली लिहिणारा मोठा वर्ग या साधनामुळे निर्माण झाला, हे त्याचे श्रेय होय. पण संदेशांची यंत्रणा नाहीशी झाली नव्हती. ती केवळ दृष्टीआड झाली होती. पुढील अनेक अडचणींचे मूळ या दृष्टीआड गेलेल्या भागात आहे.

गोठलेली खिडकी

टिचकी, कळ दाबणे, खिडकी पुन्हा रंगवणे या साऱ्या घटना संदेशांच्या रांगेत जमा होतात आणि आज्ञावली त्या एकेक करून उचलते. बटणाच्या टिचकीला उत्तर म्हणून दहा हजार नोंदींचा अहवाल तयार होऊ लागला, की तो संपेपर्यंत रांगेतील पुढचा संदेश उचललाच जात नाही. सुमारे ५ सेकंद प्रतिसाद मिळाला नाही, तर विंडोज ती खिडकी प्रतिसादहीन समजते. काम चालू असते. पण वापरणाऱ्याला ते बंद पडल्यासारखे दिसते आणि तो अनेकदा ते मध्येच तोडतो.

यावरील प्रसिद्ध तोडगा म्हणजे फेरीच्या आत 'डूइव्हेंट्स' ही एक ओळ घालणे. या ओळीमुळे साचलेले संदेश हाताळले जातात आणि खिडकी पुन्हा जिवंत दिसते. परंतु त्या साचलेल्या संदेशांमध्ये त्याच बटणावरची दुसरी टिचकीही असू शकते. तसे झाल्यास पहिले काम अर्धवट असताना तेच काम आतून पुन्हा सुरू होते आणि एकच पावती दोनदा नोंदवली जाऊ शकते. म्हणून बटण तात्पुरते निष्क्रिय करण्याचा दुसरा तोडगा येतो. मग मेनूतून किंवा खिडकी बंद करण्याच्या खुणेतून तोच घोळ होतो, म्हणून तिसरा येतो. प्रत्येक तोडगा नव्या तोडग्याची गरज निर्माण करतो, हे येथे स्पष्ट दिसते.

अर्थात, व्हिज्युअल बेसिकच्या सहाव्या आवृत्तीत काम वेगळ्या धाग्यावर नेण्याची सोपी सोय नव्हती. त्यामुळे हा मार्ग अनेकांना नाइलाजाने धरावा लागला, हे मान्य केले पाहिजे. २००५ सालच्या डॉटनेट २.० मध्ये 'बॅकग्राउंडवर्कर' आला, तर २००६ सालच्या जावा ६ मध्ये 'स्विंगवर्कर' समाविष्ट झाला. सी शार्पच्या २०१२ सालच्या पाचव्या आवृत्तीने 'असिंक' व 'अवेट' हे शब्द दिले आणि लेखन आणखी सुटसुटीत झाले. तथापि 'अवेट'पाशी काम थांबलेले असतानाही खिडकी संदेश घेतच असते. म्हणजे दुसऱ्या टिचकीचा जुना प्रश्न नव्या साधनातही शिल्लक राहतो. ज्याने 'डूइव्हेंट्स'ची केवळ ओळ पाठ केली होती, त्याला हे नवे संकट वाटते. अर्धवट कामात पुन्हा प्रवेश होणे हे कारण ज्याने ओळखले होते, त्याला ते जुनेच आहे हे कळते.

दिवस, महिना आणि दहा पैसे

काही दोष गोठलेल्या खिडकीसारखे उघड दिसत नाहीत. ॲक्सेस डेटाबेसच्या प्रश्नभाषेत दोन हॅश चिन्हांमध्ये लिहिलेली तारीख अमेरिकी क्रमाने, म्हणजे आधी महिना व मग दिवस, अशी वाचली जाते. भारतीय पद्धतीने लिहिलेली ०५/०३/२००५ ही तारीख त्यामुळे ५ मार्चऐवजी ३ मे ठरते. मात्र २५/०३/२००५ लिहिल्यास पंचविसावा महिना संभवत नाही, म्हणून तीच यंत्रणा मुकाट्याने क्रम बदलून २५ मार्च असा योग्य अर्थ लावते. परिणामी चाचणी महिन्याच्या उत्तरार्धात घेतली तर सर्व ठीक दिसते आणि पुढील महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत नोंदी चुकू लागतात. संगणकाची प्रादेशिक मांडणी बदलणे हा यावर सांगितला जाणारा तोडगा मूळ दोषाला स्पर्शही करत नाही. कारण तारखेच्या या लेखनाचा अर्थ त्या मांडणीवर अवलंबूनच नसतो. तारीख मजकूर म्हणून न जोडता स्वतंत्र मूल्य म्हणून सोपवणे हे खरे उत्तर होय.

पैशांच्या हिशेबाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. १९८५ साली प्रमाणित झालेल्या द्विमान अपूर्णांक पद्धतीत ०.१ ही संख्या अचूक मांडता येत नाही. त्यामुळे 'डबल' प्रकारच्या चलात दहा पैसे दहा वेळा मिळवल्यास बेरीज बरोबर एक रुपया येत नाही. व्हिज्युअल बेसिकमधील 'करन्सी' हा प्रकार रक्कम दहा हजारांनी गुणून पूर्णांक म्हणून साठवतो, त्यामुळे चार दशांश स्थळांपर्यंत हा दोष उरत नाही. पण येथेच थांबणारे विवेचन अपुरे ठरते. शंभर रुपये तीन खात्यांत सारखे विभागले, तर प्रत्येक ओळीत ३३.३३ दिसतात. छापलेल्या ओळींची बेरीज ९९.९९ होते आणि तळाशी मात्र १०० लिहिलेले असतात. हा दोष संख्येच्या मांडणीचा नाही. उरलेला पैसा कोणत्या खात्यात घालायचा, हे ठरवण्याचा तो प्रश्न आहे आणि तो निर्णय हिशेब ठेवणाऱ्याचा आहे. त्याच भाषेतील 'राउंड' हे फलन २.५ चे २ करते, तर एक्सेलच्या तक्त्यातील त्याच नावाचे सूत्र ३ करते. पहिले अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेते, दुसरे वर नेते. दोन्ही नियम सुसंगत आहेत. कोणता लागू करायचा, हे आज्ञावलीबाहेर ठरलेले असावे लागते. तयार ओळ उचलणारा लेखक हा निर्णय नकळत स्वतःच घेऊन टाकतो.

नावातील अवतरणचिन्ह

गोवा आणि वसई परिसरातील डिसोझा, डिमेलो यांसारखी आडनावे रोमी लिपीत लिहिताना 'डी' या अक्षरानंतर अवतरणचिन्ह येते. डेटाबेसला द्यावयाचे वाक्य जर मजकुराचे तुकडे जोडून तयार केले असेल, तर हे चिन्ह मजकुराचा शेवट समजले जाते आणि नोंद नाकारली जाते. चिन्ह काढून नाव लिहावे, असे सांगितले तर आज्ञावलीच्या सोयीसाठी माणसाचे नाव बदलते. चिन्ह दुप्पट करणे हा अधिक प्रचलित तोडगा आहे. पण तो प्रत्येक ठिकाणी आठवणीने करावा लागतो आणि अवतरणाविना जोडल्या जाणाऱ्या संख्यांना तो संरक्षण देत नाही. ज्या फटीतून हे निरुपद्रवी आडनाव अडखळते, त्याच फटीतून हेतुपुरस्सर घातलेली आज्ञाही आत शिरते. या प्रकारच्या हल्ल्याचे वर्णन १९९८ साली 'फ्रॅक' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. आज्ञा आणि माहिती यांना वेगळ्या वाटांनी पाठवणे, म्हणजे मूल्ये प्राचल म्हणून देणे, या एका उत्तराने दोन्ही गोष्टी सुटतात. वरील तारखेचा प्रश्नही त्यानेच सुटतो. तीन निरनिराळ्या वाटणाऱ्या अडचणींचे कारण एकच होते, हे तोडग्यांच्या यादीतून कधीच लक्षात येत नाही.

मराठी मजकुराचा प्रश्न

मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत महाग पडलेला तोडगा लिपीचा आहे. व्हिज्युअल बेसिकच्या सहाव्या आवृत्तीत मजकूर आतून युनिकोडमध्ये साठवला जाई. परंतु तिची मूळ नियंत्रणे जुन्या एकबाइटी संकेतावर चालत. देवनागरीसाठी विंडोजमध्ये तसा संकेत नसल्याने पडद्यावर प्रश्नचिन्हे येत. उपाय म्हणून इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती बसवलेले फॉन्ट वापरले गेले. पडद्यावर मराठी दिसले आणि काम भागले. साठवलेली माहिती मात्र मराठी नव्हती; ती विशिष्ट फॉन्टमध्येच मराठीसारखी दिसणारी चिन्हांची ओळ होती. तिचा अकारविल्हे क्रम लागेना, फॉन्ट बदलताच वाचन अशक्य होई आणि एका पुरवठादाराची माहिती दुसऱ्याच्या आज्ञावलीत उतरत नसे. देवनागरीसाठी 'इस्की' हे भारतीय मानक १९९१ सालीच उपलब्ध होते आणि युनिकोडच्या त्याच वर्षीच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती, हे लक्षात घेता या तोडग्याची किंमत अधिकच जाणवते. ती किंमत तो करणाऱ्याने भरली नाही. नंतर त्या नोंदी रूपांतरित करणाऱ्यांनी भरली.

युनिकोड आल्याने प्रश्न संपला, असेही समजता येत नाही. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र स्थान २००८ सालच्या ५.१ आवृत्तीत मिळाले. त्यापूर्वीचे लेखन 'अ' आणि चंद्र यांच्या जोडणीने होत असे. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसतात. पण युनिकोड त्यांना समतुल्य मानत नाही, म्हणून प्रमाणीकरणाच्या नेहमीच्या फलनाने ती एक होत नाहीत. 'दऱ्या', 'पुऱ्या' यांतील अर्धा रही दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो. ग्रंथालयाच्या यादीत पुस्तक असूनही शोधात सापडत नाही, याचे हे एक कारण असू शकते. मराठीच्या लेखननियमांची जाण असलेला माणूस आज्ञावलीच्या रचनेत सहभागी असल्याशिवाय हा प्रश्न सुटणारा नाही.

मूल्यमापनाचे निकष

वरील उदाहरणांवरून कोणत्याही तयार उपायाला तीन प्रश्न विचारता येतात. हा उपाय लक्षण दूर करतो की कारण? तो कोणत्या परिस्थितीत अपुरा पडेल, हे त्यासोबत सांगितले आहे का? त्याची किंमत कोण आणि केव्हा भरणार? पहिल्या प्रश्नावर 'डूइव्हेंट्स' अडतो, दुसऱ्यावर तारखेचा उपाय आणि तिसऱ्यावर फॉन्टचा. म्हणून तोडगा नेहमीच त्याज्य ठरतो असे नाही. तातडीच्या वेळी तो आवश्यक असतो; तो तोडगा आहे याची नोंद राहिली पाहिजे, इतकेच. दोष दिसताच पुढच्या ओळीवर जाण्यास सांगणारी 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' ही ओळ या दृष्टीने सर्वांत घातक होय, कारण ती अडचणीबरोबर अडचणीची खूणही पुसून टाकते. आज तयार ओळी भाषिक प्रतिमानांकडून क्षणात मिळतात. त्यांच्यासोबत विवेचनही मिळते, परंतु ते वाचण्याची आणि पडताळण्याची जबाबदारी पूर्वीप्रमाणेच वाचकावर राहते.

अध्यापनाचा संदर्भ

जॉर्ज पोल्या यांनी १९४५ सालच्या 'हाऊ टू सॉल्व्ह इट' या ग्रंथात समस्या सोडवण्याची शेवटची पायरी म्हणून मागे वळून पाहण्याचा आग्रह धरला होता. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकाच्या वहीत उद्देश, आज्ञावली आणि फलित यांना जागा असते. या पायरीला सहसा नसते. एकदा योग्य फलित छापले गेले की प्रात्यक्षिक पूर्ण होते. याऐवजी प्रत्येक प्रात्यक्षिकात काही ठरावीक परीक्षा घेता येतील : अवतरणचिन्ह असलेले आडनाव, महिन्याच्या पाच तारखेची नोंद, दहा पैशांच्या दहा जमा, एकाच बटणावर लागोपाठ दोन टिचक्या आणि दोन रूपांत लिहिलेला 'ॲ'. यांसाठी वेगळे उपकरण वा खर्च लागत नाही. आज्ञावली कोठे अडखळली आणि का, हे विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत लिहावे आणि त्याला गुण असावेत. लेखाशास्त्राच्या व मराठीच्या प्राध्यापकांनाही यात स्थान आहे, कारण पैसा कोठे पूर्ण करावा आणि अक्षरांचा क्रम कसा लावावा, हे त्यांचेच विषय आहेत.

निष्कर्ष

डेस्कटॉप आज्ञावलींची साधने बदलत गेली; त्यांतील नेहमीच्या अडचणी मात्र रूप बदलून टिकून राहिल्या. त्यामुळे उपायांच्या याद्या लवकर जुन्या होतात आणि कारणांचे ज्ञान दीर्घकाळ उपयोगी पडते. समस्या व उत्तर यांच्या पुढे जाऊन विवेचनापर्यंत वाचणारा विद्यार्थी घडवणे हे या विषयाच्या अध्यापनाचे खरे काम होय. त्याने लिहिलेल्या आज्ञावलीत कोणाचे नाव, कोणाची तारीख आणि कोणाचे पैसे साठवले जाणार आहेत, हे लक्षात घेता त्या कामाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.