‘बारोमास’ : हरवलेला पत्ता

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ ही कादंबरी २००२ साली प्रसिद्ध झाली व २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. शेतकऱ्याच्या दैन्याची कहाणी म्हणून तिचा गौरव पुष्कळ झाला. आम्हांला मात्र तिचे मोल वेगळ्या ठिकाणी दिसते. भाव बाजारात पडतो, पण भांडण घरात पेटते, हे तिने दाखविले आहे.

एकनाथ उच्चशिक्षित, नोकरीसाठी मोजायला पैसा नाही म्हणून शेतीत अडकलेला. पत्नी अलका नोकरदाराच्या संसाराचे स्वप्न घेऊन आलेली. धाकटा मधू नोकरीपायी जमीन विकायला निघालेला. यांपैकी कोणीही दुष्ट नाही. तरीही एकमेकांना रक्तबंबाळ करतात ते हेच.

वऱ्हाडाला हे दुखणे जुने आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि अमरावती-अकोल्याकडच्या कापसाचे भाव चढले. १८६५ साली ते संपले आणि भाव ओसरले. दर ठरविणारा सातासमुद्रापलीकडे होता. त्याच्याशी भांडणार कसे? १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, तेव्हा भावाला एक पत्ता मिळाला : सरकार. ऐंशीच्या दशकात शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने कापसाच्या भावासाठी त्याच पत्त्यावर जाब विचारला. जोशी स्वतः खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते होते. पुढे एकाधिकार संपला, बाजार खुला झाला. पण राग कोणाकडे न्यावा, हे कळेनासे झाले. पत्ता हरवलेला राग माजघरात शिरतो. ‘बारोमास’ ही त्या माजघराची कादंबरी आहे.

एक उणीव नोंदविली पाहिजे. लेखकाची सहानुभूती एकनाथाच्या बाजूने इतकी झुकते, की अलकेचा संताप पुष्कळदा हट्टासारखा भासतो. वास्तविक तीही त्याच पडलेल्या भावाची बळी आहे.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालच्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात बजावले, की दोघांनी मान्य केली एवढ्यानेच मजुरी न्याय्य ठरत नाही. कष्टकऱ्याचे पोट भरणे हा त्याआधीचा न्याय आहे. तोच निकष कापसाच्या भावाला का लावू नये? कुटुंबात शांती नांदावी म्हणून आपण रोज प्रार्थना करतो. त्या शांतीचा काही हिस्सा बाजार समितीच्या आवारात ठरतो, याची जाणीव ही कादंबरी देते. म्हणून ती आपल्या घराघरांत वाचली जावी, असे आम्हांला वाटते.