बापाची खूण आणि कुळाचे नाव

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, मुलीकडे जात नाही. ते बहुतांशी जसेच्या तसे उतरते. पण कधीतरी नक्कल होताना एखादे अक्षर बदलते आणि तो बदल त्या पुरुषाच्या मुलांत, नातवांत, पणतवांत कायम राहतो. अशाच एका बदलाला संशोधकांनी एम-95 हे नाव दिले आहे. ‘सी’च्या जागी ‘टी’, एवढाच तो बदल. ज्यांच्यात तो सापडतो, ते सारे पुरुष बापाच्या ओळीने मागे गेल्यास एकाच पूर्वजापाशी पोहोचतात. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य समाजात ही खूण दुर्मीळ. संथाळ, हो, जुआंग अशा मुंडारी भाषिकांत मात्र ती बहुतेक पुरुषांत आढळते, निकोबारींमध्ये तर जवळपास सर्वांत. आणि पूर्वेकडे थायलंड, लाओस, व्हिएतनामपर्यंत तिचा पसारा आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीशी तिचा संबंध असा. मुंडारी भाषांचे पश्चिम टोक म्हणजे मेळघाटातली कोरकू. मेळघाट आणि छोटा नागपूर यांच्या मधल्या जंगलपट्ट्यात गोंड, माडिया, कोलाम राहतात. त्यांच्या भाषा द्राविडी कुळातल्या. त्यामुळे या भागात आधी कोण आले, मागाहून कोण आले, हा वाद जुनाच आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तो जनुकांच्या हवाली झाला. भाषणांत आणि पुस्तिकांत जनुकीय संशोधनाचे दाखले दिले जातात; पण मूळ शोधनिबंध क्वचितच वाचले जातात, फिरतो तो त्यांचा निष्कर्ष. एखादा ग्रंथ जसा वाचतो तसे हे निबंध वाचले, तर त्यांच्यातून काय निघते आणि काय निघत नाही, ते पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

2007 साली विक्रांत कुमार, बी. मोहन रेड्डी आणि सहकाऱ्यांनी 25 भारतीय समूहांतील 1222 व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष होता की, एम-95 ही खूण भारतातल्या ऑस्ट्रोआशियाई समूहांतच सुमारे 65,000 वर्षांपूर्वी उगम पावली आणि ईशान्येच्या वाटेने आग्नेय आशियात गेली. त्याच निबंधात या आकड्याची मर्यादाही दिली होती: 25 हजारांपासून 1 लाख 32 हजार वर्षांपर्यंत. ही मर्यादा भाषणांत येत नाही. 65,000 हा आकडा तेवढा येतो.

2011 मध्ये ज्ञानेश्वर चौबे आणि सहकाऱ्यांचा निबंध आला आणि बाण उलटा फिरला. खुणेतले वैविध्य आग्नेय आशियात अधिक आढळले, म्हणजे उगम तिकडे आणि प्रवास इकडे. 2015 मधल्या अरुणकुमार आणि सहकाऱ्यांच्या निबंधाने तर शीर्षकातच सांगितले की, हा विस्तार नवाश्मयुगाच्या उत्तरार्धातला आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे झालेला आहे. 2019 साली संपूर्ण जनुकसंचाच्या आधारे मुंडारी समूहांतली आग्नेय आशियाई सरमिसळ 2000 ते 3800 वर्षांपूर्वीची ठरवली गेली. खूण तीच, माणसे तीच. चार वर्षांत दिशा उलटली, बारा वर्षांत काळ 65,000 वरून तीन-चार हजारांवर आला.

यात संशोधकांची बेइमानी नाही. विज्ञान असेच पुढे जाते. पण हे कालमापन कसे होते, ते समजून घेतले पाहिजे. वाय गुणसूत्रावर काही लहान तुकडे ओळीने पुन्हापुन्हा येतात आणि त्यांची संख्या पिढ्यांगणिक क्वचित एकाने कमी-जास्त होते. किती फरक पडला ते मोजायचे आणि बदलाच्या वेगाने भागायचे. हा वेग दोन प्रकारे काढला जातो. एक, प्रत्यक्ष बाप-लेकांच्या जोड्या तपासून. दुसरा, ज्यांचा इतिहास ठाऊक आहे अशा समूहांवरून. दोन्ही वेगांत सुमारे तिपटीचा फरक आहे. म्हणजे नमुने तेच, गणित तेच, पण कोणता वेग धरला यावर पूर्वज पाच हजार वर्षांपूर्वीचा की पंधरा हजार, ते ठरते. अशा आकड्यावर एखाद्या समाजाचे ‘मूळ’ बेतणे धोक्याचे आहे. 2007 चा निबंध हाती घेऊन ‘आम्हीच पहिले’ म्हणणाऱ्याला 2015 चा निबंध दाखवून ‘तुम्हीही बाहेरचेच’ म्हणता येते. दोघांचीही चूक एकच: एका खुणेचा प्रवास हाच माणसांचा प्रवास, असे दोघेही धरून चालतात.

तसे नसते, हे 2011 च्या निबंधातच दिसते. मुंडारी समूहांत बापाकडची खूण बहुतांशी आग्नेय आशियाई आहे. पण आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए जवळजवळ सगळा इथला आहे आणि उरलेल्या जनुकसंचात आग्नेय आशियाई वाटा साधारण पाव भरतो. म्हणजे काही पुरुष आले, इथल्या बायकांशी त्यांची लग्ने झाली, मुले इथे वाढली. त्यांच्या वंशजांना ‘लाओसकडून आलेले’ म्हणायचे, तर त्यांच्या सगळ्या आया, आज्या, पणज्या हिशेबातून वगळाव्या लागतात. साधे गणित करा. दहा पिढ्या मागे गेले की पूर्वजांच्या 1024 जागा होतात. त्यांतल्या एकाच जागेवरच्या पुरुषाचे वाय गुणसूत्र आज आपल्यापाशी असते. बाकीच्या 1023 जागांबद्दल ते काही बोलत नाही.

गोंडांविषयीचा महत्त्वाचा निबंध 2017 चा. चार वेगवेगळ्या प्रदेशांतल्या गोंड गटांचे नमुने त्यात तपासले. हे सगळे गट एका समान वारशाचे, तरी काहीसे वेगळे राहिलेले निघाले. शिवाय जनुकीयदृष्ट्या गोंड हे भाषाभगिनी असलेल्या इतर द्राविडी समूहांपेक्षा मुंडारी समूहांशी अधिक वारसा वाटून घेतात, असे आढळले. यावरून ‘गोंड मुळात मुंडाच’ असा अर्थ काढणे घाईचे आहे. निबंध नाते सांगतो, नाव बदलायला सांगत नाही. त्यातून खरे शिकायचे ते हे की, भाषा एका वाटेने येते आणि रक्त दुसऱ्या वाटेने. शेकडो पिढ्या एकाच जंगलपट्ट्यात राहिलेल्या शेजाऱ्यांमध्ये असे घडले, यात नवल ते काय?

मराठी वाचकाला हा धडा नवा वाटू नये. इरावती कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी 1968 साली महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची जैविक तुलना प्रसिद्ध केली होती. एका नावाखाली येणारे गट एकाच मूळ समूहाचे तुकडे असतीलच असे नाही, हे त्या मोजमापांतून पुढे आले. तेव्हा साधने वेगळी होती. नाव आणि रक्त यांची गल्लत करू नये, हा इशारा मात्र आजही लागू आहे.

खुद्द गोंडांची कुळाविषयीची कल्पना काय आहे? नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या टिपणांत परधानाकडून मिळालेले लिंगोचे गीत आहे. हिस्लॉप 1863 मध्ये वारले. रिचर्ड टेम्पलने त्यांची टिपणे 1866 साली छापली. त्या कथेत गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगो सोडवतो, वसवतो आणि मग त्यांची गटांत विभागणी करतो. ही गुहा म्हणजे गोंदिया जिल्ह्यातले कचारगड, असे मानतात; माघ पौर्णिमेला तिथे मोठी जत्रा भरते. चार, पाच, सहा, सात देवांचे सगे आणि समान देवसंख्येत लग्न न करण्याचा नियम या परंपरेशी जोडलेले आहेत. या कथेत कूळ आपसूक जन्मत नाही, ते वाटून दिले जाते. आत्राम, मडावी, सिडाम, उईके ही नावे बापाकडून मुलाकडे जातात हे खरे. पण त्या नावांचा उपयोग कोणाशी सोयरीक करायची, कोणाशी भाऊपणाने वागायचे, हे ठरवण्यासाठी आहे.

चांद्याच्या राजघराण्याचेही उदाहरण घ्यावे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बीरशाह गेल्यावर राणी हिराईने रामशाहला दत्तक घेतले आणि त्याच्या लहानपणी कारभार पाहिला. बीरशाहची समाधी तिनेच बांधली. त्या घराण्याची सलगता राखली ती दत्तकविधानाने आणि एका विधवा राणीच्या निर्णयाने. या वंशावळीत हिराई नसेल, तर गोष्टच पुरी होत नाही. वाय गुणसूत्रात मात्र ती कुठेच सापडणार नाही.

जनुकीय अभ्यास नको, असे माझे म्हणणे नाही. सिकलसेलसारखा आजार या दोन जिल्ह्यांत घरोघरी ठाऊक आहे. तिथे रक्ताची तपासणी जीव वाचवते. स्थलांतराचा इतिहासही या अभ्यासांशिवाय अपुरा राहील. हरकत आहे ती पितृवंशाच्या खुणेला सातबारा समजण्यावर. 2006 च्या वनहक्क कायद्याने हा फरक नीट ओळखला आहे. अनुसूचित जमातीच्या दावेदाराला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास. नियमांनी पुरावे म्हणून जे मान्य केले आहेत, त्यांत वडीलधाऱ्यांचे जबाब, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, जुन्या नोंदींतल्या व्यक्तींशी जोडणारी वंशावळ यांचा समावेश आहे. याच कायद्याखाली 2009 साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे कोणाच्या गालातून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतला गेला नाही. माणसे त्या जंगलात राहत होती, ते वापरत होती, राखत होती, एवढे पुरेसे होते. उद्या एम-95 चे वय पुन्हा बदलले, तरी त्या हक्काला धक्का लागण्याचे कारण नाही.