इंग्रजी बायबलची निवड : भाषेआधीं पाठ

बायबलचें इंग्रजी भाषांतर कोणतें घ्यावें, या प्रश्नाचें उत्तर बहुधा भाषेच्या गोडीवरून दिलें जातें. १६११ च्या भाषांतराचे अभिमानी त्याच्या गंभीर वाणीकडे बोट दाखवितात, तर नव्यांचे कैवारी सुबोधतेकडे. पोथ्यांशीं ज्यांचा संबंध आहे त्यांनीं मात्र आधीं निराळाच प्रश्न विचारला पाहिजे : भाषांतरकारांपुढें मूळ कोणतें होतें?

१६११ च्या नव्या कराराचें मूळ ज्या छापील ग्रीक परंपरेंत आहे, तिचा आरंभ इरॅस्मसच्या १५१६ च्या आवृत्तीपासून होतो. त्याच्यापाशीं थोड्याच आणि उत्तरकालीन प्रती होत्या. प्रकटीकरणाच्या एकुलत्या एका प्रतीचें शेवटचें पान गहाळ असल्यामुळें तेवढा भाग त्यानें लॅटिनवरून ग्रीकमध्यें रचून घातला. योहानाच्या पहिल्या पत्रांतील स्वर्गीय त्रयीच्या साक्षीचें वाक्य (५:७) त्याच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत नव्हतें. तें १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तींत आलें आणि १६११ च्या भाषांतरांतही राहिलें. १८८१ च्या रिव्हाइज्ड व्हर्शननें तें गाळलें. समासांत टीपही दिली नाहीं. गाळणें योग्यच होतें; टीप न देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या वाचलेलें वाक्य कोठें गेलें, हें विचारण्याचा वाचकास अधिकार आहे.

मार्काच्या अखेरच्या बारा वचनांचा (१६:९-२०) प्रकार पाहावा. सिनाई व व्हॅटिकन या चौथ्या शतकांतील दोन्ही प्रतींत तीं नाहींत. १८८१ च्या भाषांतरानें मध्यें जागा सोडून व टीप देऊन तीं ठेविलीं. १९४६ च्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्शननें तीं तळटिपेंत उतरविलीं आणि १९७१ च्या आवृत्तींत पुन्हा मजकुरांत घेतलीं. म्हणजे नांव एकच असून पाठ दोन झाले. संग्राहकानें नुसतें नांव नव्हे, वर्षही पाहिलें पाहिजे.

तथापि जुन्या भाषांतरास टाकाऊ ठरविणें अन्यायाचें होईल. मुळांत नसलेले, अर्थपूर्तीसाठीं घातलेले शब्द त्यानें निराळ्या टायपांत छापले. योहानाच्या त्याच पत्रांतील २:२३ या वचनाचा उत्तरार्ध त्या काळच्या बऱ्याच छापील ग्रीक पाठांत नव्हता, म्हणून तोही तशाच टायपांत दिला. पुढें प्राचीन प्रतींनीं त्यास दुजोरा दिला आणि १८८१ सालीं तो साध्या टायपांत आला. शंका निराधार ठरली खरी, परंतु ती उघड नोंदलेली होती. सुकथनकरांनीं संपादिलेल्या आदिपर्वांत (१९३३) संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस या सचोटीचें मोल सांगावयास नको.

सारांश, इंग्रजी वाङ्मयाचा इतिहास पाहणाऱ्यानें १६११ चें भाषांतर घ्यावें. पाठाचा विचार करणाऱ्यानें त्याच्या शेजारीं १८८१ चें, समासटिपांसह, उघडून ठेवावें. टिपा गाळून छापलेली स्वस्त प्रत, मग ती कोणत्याही भाषांतराची असो, अभ्यासासाठीं घेऊं नये. जें भाषांतर आपली शंका लपवितें तें वाचावयास सुखाचें असेल. पुराव्यास तें उपयोगी नाहीं, असें आमचें मत आहे.